रामहरीच्या घरात मीठ वाढलं

पिंपळीच्या दूध सोसायटीत रामहरी फॅट काढायला होता. गावातली म्हैस कशी आहे आणि तिचा मालक कसा आहे, हे दोन्ही त्याला रोज सकाळी एकाच नळीत दिसायचं. दुधात पाणी निघालं तरी तो कुणाला चोर म्हणत नसे. नळी डोळ्यासमोर धरून एवढंच विचारायचा, "तात्या, रातच्याला म्हशीला लई तहान लागली हुती का?" तात्या खाली बघायचे. दुसऱ्याचं पाणी जोखणारा माणूस घरी येऊन आपल्या डब्यांत डोकावणार नाही, असं कधी होत नाही. पण चौऱ्याण्णव सालच्या बेंदरापर्यंत त्याचं डोकावणं बायकोला, कौसल्येला, सोसवेल इतपतच होतं.

बेंदराला, बैलांच्या सणाला, पुरणपोळी खायला इंदापूरहून त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा आला, म्हस्कूदाजी. दरवर्षी एस.टी.नं येणारा माणूस यंदा नव्या कोऱ्या मोटारसायकलवर आला. गाडी दारात लावली, खिशातल्या रुमालानं पुसली, आणि रुमाल खराब होईल म्हणून तोंडाचा घाम बाहीनं पुसला.

जेवताना दाजी म्हणाले, "मेव्हणं, दसऱ्याला सोनं द्यायला या इंदापूरला. सायकलवर नगा येऊ, पोचोस्तवर दिवाळी व्हईल. एस.टी.नं या. स्टँडवर न्यायला मी येतो की. हिच्यावर."

रामहरीच्या घशात पोळी अडकली. तूप लावलेलं असूनही अडकली.

"दाजी, दसऱ्याला माझी सवताची गाडी तुमच्या दारात उभी आसंल. न्हाय दिसली तर मिशी काढीन."

"मिशी हाय कुठं तुमाला?"

पणाला लावायला काहीच नसल्यामुळं आता शब्द पाळण्यावाचून इलाज राहिला नाही. रामहरी दुसऱ्याच दिवशी बारामतीला जाऊन भिगवण रस्त्यावरच्या दुकानात गाड्या बघून आला. दुकानदार म्हणाला, बाकीचं उसाचं बिल आल्यावर बघू, पण दसऱ्याच्या आधी निम्मे रोख लागतील. रामहरीनं घरी येऊन डालड्याचा रिकामा डबा धुतला, देवळीत ठेवला आणि जाहीर केलं, "ह्यो गाडीचा डबा. आजपासनं ह्या घरात काटकसर."

सुरुवातीची काटकसर चारचौघांसारखीच होती. चहा दोनदाचा एकदा झाला. बल्ब एकच जळू लागला, आणि माणसं त्याच्यामागं त्याच्यामागं खोल्या बदलू लागली. रामहरीची आई ठमाबाई दिवसभर एका जागी बसायची, तीसुद्धा खर्चात पडते की काय अशा नजरेनं तो तिच्याकडं बघायचा. तरी डबा भरेना. महिन्याचा किराणा आला की डब्याचा तळ दिसायचा.

आणि एका सकाळी कौसल्या चुलीपुढनं म्हणाली, "अवं, मीठ वाढलंय."

आता आपल्याकडं मीठ संपलं असं घरातली बाई म्हणत नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी, तिला संपली म्हटलं की ती रुसते. म्हणून मीठ वाढतं, तांदूळ वाढतात, गोडंतेल वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकानदार रात्री दुकान वाढवतो म्हणजे त्यानं माडी चढवली असं कुणी समजत नाही. रामहरीलाही हे सगळं माहीत होतं. तो पिशवी घेऊन उठलासुद्धा होता. पण उंबऱ्यात त्याचा पाय थबकला. दूध सोसायटीत इतकी वर्षं घालवलेला माणूस. कुठल्या शब्दात किती पाणी मुरतंय हे त्याला तिथंच, उभ्या पायावर कळलं.

"वाढलंय?" तो वळून म्हणाला. "मंग झकास झालं की! वाढलंय तर आणायचं कशापायी?"

कौसल्येला वाटलं, थट्टा आहे. ती हसली. तो पिशवी खुंटीला लावून सायकलवर बसला आणि गेला.

संध्याकाळी आमटी आळणी. "अवं, सांगितलं न्हवं का सकाळी, मीठ वाढलंय म्हणून?"

"वाढलेलं मीठ आमटीत का न्हाय घातलं?"

"चेष्टा पुरं झाली."

"चेष्टा न्हाय," रामहरी म्हणाला. "हितनं पुढं नेम ठरला. जे संपलं, तेच यायचं. आणि संपलं म्हंजी 'संपलं' आसं तोंडानं म्हणायचं. वाढलं म्हंजी मी वाढलंच समजणार. मी सरळ माणूस हाय."

कौसल्येनं तोंड उघडलं. ठमाबाईनं कोपऱ्यातनं काठी आपटली. "खबरदार कौसल्ये! मिठाला संपलं म्हणशील तर! ह्या घरात माझ्या सासूनं दुष्काळात बी त्यो शब्द काढला न्हाय."

"आत्याबाई, मंग जेवायचं कसं?"

"त्ये मला काय ठावं! पर म्हणायचं न्हाय."

रामहरीनं आळणी आमटीचा भुरका मारला. एवढी चवदार आमटी त्यानं जन्मात खाल्ली नव्हती.

पाठोपाठ हळद वाढली. मग गोडंतेल वाढलं. मग तांदूळ वाढले. घरात इतकी बरकत कधी आली नव्हती. रोज सकाळी कौसल्या काहीतरी वाढल्याचं सांगायची, रोज रामहरी म्हणायचा, "वा! देव पावला," आणि डब्यात नोट टाकायचा.

मात्र सगळंच वाढत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ठमाबाईनंच हाळी दिली, "रामा, माझी मिश्री संपली!"

"आये! तू म्हणलीस?"

"आरं, तमाकूच्या राखंत कसली आलीया लक्षिमी? संपली म्हंजी संपली. पुडा आण."

नेम म्हणजे नेम. त्याला मिश्रीचा पुडा आणावा लागला. तेव्हा सासूसुनेनं बसून घरातल्या वस्तूंचा निवाडा केला. ठमाबाई पंच. साबण? "घाण काढतोय, त्याला काय मान? म्हण खुशाल." काडीपेटी? "आग्नी हाय. म्हणायचं न्हाय." चहाची पावडर? यावर ठमाबाईनं बराच विचार केला. "ती गोऱ्या साहेबाची. तिला आपला इटाळ न्हाय. म्हण." साखर तर कारखान्याचे सभासद म्हणून घरात पोत्यानंच होती, तिचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळं रामहरीच्या घराची मोठी मजेशीर अवस्था झाली. माणसं घसाघसा धुतलेली, दात मिश्रीनं काळे, पोटात बिनदुधाचा गोड चहा, आणि ताटात काही नाही. दूधसुद्धा सगळं डेअरीला जाऊ लागलं होतं. हाताशी जे आहे त्यातनं कौसल्या रांधायची, म्हणजे साखरेतनं. एकदा तिनं वांग्याच्या भाजीत साखर घातली. रामहरीनं घास घेतला, डोळे मिटले आणि डोळ्यांपुढं मोटारसायकल आणली. तिचा दिवा, तिची टाकी, तिचं मडगार्ड आरशासारखं. घास उतरला.

शेजारच्या फुलाबाईनं आधी आधी हात दिला. मीठ हातातनं हातात द्यायचं नाही म्हणून ती वाटी कुडावर ठेवायची आणि तोंड फिरवून म्हणायची, "म्या दिलं न्हाय, तू घेतलं न्हाय." पण रोजची वाटी कोण ठेवणार? एक दिवस ती कुडावरनं म्हणाली, "कौसल्ये, माझं बी वाढलंय गं. आणि आमच्या ह्यांनी तुझ्या ह्यांचं ऐकलंय. पिशवी खुंटीला लावली त्यांनी बी."

म्हणजे रोग पसरायला लागला होता.

एवढं होऊनही रामहरीच्या तोंडावर तेज कसं, हे कौसल्येला कळेना. तिची आणि ठमाबाईची गालफडं बसली होती, आणि हा गडी बेंदराच्या बैलासारखा तुकतुकीत. घरात ते आळणी पिठलं तर जिभल्या चाटत खायचा. तिला आधी वाटलं, गाडीच्या आशेवर जगतोय. मग तिनं एकदा त्याचा सदरा धुवायला घेतला, आणि वरच्या खिशात हाताला काहीतरी ओलसर, खरखरीत लागलं. कागदाची पुडी. तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

सोसायटीशेजारच्या हॉटेलात तळलेल्या मिरच्यांवर टाकायला मीठ ठेवलेलं असायचं. हा बाबा रोज तिथं भजी खाऊन यायचा, येताना पुडी बांधून आणायचा आणि ताटावर बसला की बायको पाठमोरी होताच चिमूट टाकायचा.

कौसल्येनं पुडी होती तशी बांधली, कोरड्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि सासूला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, उद्या सकाळी कानात बोटं घालायची तयारी ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामहरी ओट्यावर आरसा लावून दाढीला बसला होता. तोंडभर फेस, एक गाल साफ झालेला. डब्याचं तोंड बंद होत नव्हतं इतका तो भरला होता. आज बारामतीला जाऊन गाडी ठरवूनच यायची होती. तो शीळ घालत होता.

कौसल्या दारात येऊन उभी राहिली. "अवं, आयका. वाढलंय."

"झकास," रामहरी आरशातनं म्हणाला.

"न्हाय. वाढलंय म्हंजी आणावं लागंल. आजच्या आज."

"नेम ठाऊक हाय न्हवं? आडून बोलायचं न्हाय. मोठ्यानं म्हणायचं, संपलं."

"म्हणू?"

"म्हण की! माझी कुठं ना हाय?"

"मोठ्यानं म्हणू?"

"गावाला आयकू जाऊ दे!"

फुलाबाई कुडापाशी येऊन उभी राहिलीच होती. ठमाबाईनं कानात बोटं घातली होती, पण सैलच. कौसल्येनं पदर नीट केला आणि हात पुढं केला. हातात करंडा होता. उघडा, तळापर्यंत पुसलेला.

रामहरीनं आरशात आधी करंडा पाहिला. मग बायकोचं कपाळ पाहिलं. मोकळं. वस्तरा गालावरच थांबला.

"मंग आयका," कौसल्या खणखणीत आवाजात म्हणाली. "आत्याबाई साक्षीला हायत्या. माझं कुकू सं—"

"आगंगंगं!" रामहरी पाटासकट उठला. "थांब! त्वांड मीट!"

"का? नेम हाय. माझं कुकू सं—"

"कौशे, तुझ्या पाया पडतो! आगं मी हितं जित्ता उभा हाय न्हवं का!"

"त्येच म्हणती मी," ठमाबाई किंचाळली, कानातली बोटं कधीच निघाली होती. "मुडद्या, जित्ता हायस तवर पळ! तिच्या त्वांडातनं पुरा शब्द निघाला तर दुपारपातूर टिकायचा न्हाईस!"

"वाढलं म्हण, कौशे, नुसतं वाढलं म्हण!"

"वाढलं म्हणलं तर तुमी झकास म्हणता," कौसल्या म्हणाली. "सरळ माणूस तुमी. मी आपली सरळच म्हणते. माझं—"

पुढचं ऐकायला रामहरी तिथं नव्हता. देवळीतला डबा काखेत, अर्ध्या तोंडाला फेस, अंगात बंडी, असा तो सायकलवर बसून निघाला. लोक सांगतात, पिंपळीच्या रस्त्यानं त्या दिवशी सायकलनं एका ट्रॅक्टरला मागं टाकलं. ट्रॅक्टर उभा होता असंही काही जण म्हणतात.

कुंडलिकचं किराणा दुकान नुकतंच उघडलं होतं. रामहरीची ही अवस्था बघून कुंडलिक गल्ल्यावरनं उठला. "रामहरीभाऊ, काय झालं? काय संपलं?"

"संपलं म्हणू नगं!" रामहरी फेस उडवत ओरडला. "कुकू दे! कुकू वाढलंय!"

"आणि?"

रामहरीला घाम फुटला होता. फेसातनं वाट काढत तो हनुवटीवर आला. आज कुंकू, उद्या ती बाई हळदीवरनं काय म्हणेल कुणाचा भरवसा? "मीठ दे. हळद. गोडंतेल. तांदूळ. काडीपेट्या पुडाभर. घरात जे जे वाढलंय ते समदं दे. आणि कुकू दोन किलो."

"दोन किलो? कुकू?"

"आयुष्याचा सवाल हाय, कुंडलिक. मापात बोलू नगं."

डब्याला आता चांगलं झाकण बसू लागलं.

त्या दिवशी कौसल्येनं रुपयाएवढं कुंकू लावलं, लांबनं दिसेल असं. आमटीत मीठ पडलं. फुलाबाईच्या नवऱ्यानंही खुंटीवरची पिशवी काढली, कारण फुलाबाईनं त्याला नुसता करंडा दाखवला होता, तोंड उघडावंसुद्धा लागलं नव्हतं. रामहरीला वाटलं, प्रकरण मिटलं. डब्यात अजून थोडं होतं. नेटानं धरलं तर दसऱ्यापर्यंत जमलं असतं.

पण एकदा शब्दाची ताकद कळली की बाईमाणूस ती वाया घालवत नाही. काटकसर म्हणतात ती हीच. चार दिवसांनी कौसल्या म्हणाली, "अवं, लुगडं वाढलंय." बरं, लुगडं जुनं झालं होतं, आणलं. मग आत्याबाईंचं घोंगडं वाढलं. मग पितळी पातेलं वाढलं, ते तर फुलाबाईच्या घरी बघून वाढलं होतं. आणि घटस्थापनेच्या सकाळी रामहरी सोसायटीत निघाला असताना ती उंबऱ्यात येऊन म्हणाली, "आणि हो, मिक्सर वाढलाय."

रामहरी सायकलवरनं उतरला. "मिक्सर? आगं, मिक्सर आपल्या घरात कवा हुता? नसलेली वस्तू वाढंल कशी?"

"बरं," कौसल्या म्हणाली. तिनं पदर नीट केला आणि घसा खाकरला. "मंग सरळच—"

"आणतो."

दुपारी तो भिगवण रस्त्यानं मोटारसायकलच्या दुकानावरनं गेला, मान दुसरीकडं वळवून. परतताना सायकलच्या कॅरियरला सुतळीनं खोकं बांधलेलं होतं. डबा काखेत नव्हता. डब्यात ठेवायला काही राहिलं नव्हतं.

कौसल्येनं खोबरं-लसणाची चटणी घातली, मीठ सढळ हातानं टाकलं आणि बटण फिरवलं. मिक्सर असा काही गरजला की ओट्यावर पेंगुळलेली ठमाबाई दचकून उठली आणि डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडं बघू लागली.

"रामा, गाडी आली का रं तुझी?"

"आली, आये," रामहरी आतनं म्हणाला. तो पाटावर बसून भाकरी मोडत होता. "पर ही बसल्या जागीच पळती."