नीताची इटली

“त्या बुरुजाला हात लावू नकोस, ओला आहे अजून,” विश्वास माझ्यावर खेकसला. मी कुठे हात लावत होते? माझ्याच दाराकडे जायला वाट शोधत होते. इकडे परदेशात, पुंगोलच्या आमच्या इमारतीत, मजल्यावरचा निम्मा कॉरिडॉर त्याने अडवला होता. दिवाळीत किल्ला करतात हे खरं, पण तो पोरं करतात. हा पन्नाशीचा घोडा आणि याचा किल्ला तरी कुठला, तर इटलीतला. टेकडीवरचं तटबंदीचं जुनं गाव आणि माथ्यावर दगडी किल्ला.

ते गाव नीताचं. नीता म्हणजे त्याची बायको, माझी जुनी शेजारीण. कुठल्याशा कॅलेंडरवर तिने ते पाहिलं होतं. मुलगा मोठा झाला की जायचं, असं दोघांचं ठरलेलं. मुलगा, रुचिर, मोठा झाला, आर्मीत इथल्या सक्तीच्या नॅशनल सर्व्हिसला लागला आणि नीताच्या पोटात कॅन्सर निघाला. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. पुण्याला न्यायचं असेल तर याच आठवड्यात न्या, पुढे विमानात बसवता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

नीताला पुण्यालाच जायचं होतं. शेवटी आई जवळ असावी, भावंडं असावीत, एवढंच तिचं मागणं. आणि हा बाबा म्हणायचा, एप्रिलमध्ये इटलीला जाऊ. पुण्याचं नाव काढलं की उठून बाहेर जायचा आणि माती थापत बसायचा. मी समजावलं, भांडलेसुद्धा. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

रुचिर सुट्टीवर आला तेव्हा त्याने हा पसारा पाहिला. “पा, डॉक्टर ऑलरेडी टोल्ड यू, लाह,” एवढंच इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला. विश्वासने त्याच्या हातात पाण्याची बादली दिली आणि तट लिंपायला सांगितलं. पोरगं बिचारं रडत रडत लिंपत बसलं. मला त्या माणसाचा असा राग आला की दार आपटून मी आत गेले.

दिवाळीच्या संध्याकाळी समोरच्या चिनी आंटीने आपलं चपलांचं कपाट आत घेतलं, तेव्हा कुठे व्हीलचेअरपुरती जागा झाली. विश्वासने नीताला बाहेर आणलं. पांघरुणात तिचं काही उरलंच नव्हतं. तो तिला गाव दाखवायला लागला. हा चौक, हे चर्च, इथे बसून तू कॉफी पिणार, मग ही गल्ली चढून वर किल्ल्यात. दम लागला तर मध्ये बसू, घाई कुठे आहे आपल्याला, असंही म्हणाला. नीता सगळं नीट बघत होती.

“विश्वास, इटलीत गोमुखी दरवाजा असतो होय रे?”

खरंच की. दोन बुरुजांच्या आडोशाला, बाहेरून दिसूच नये असा दरवाजा त्याने केला होता, आपल्या रायगडावर असतो तसा. जन्मभर सह्याद्रीतले किल्ले चढलेला माणूस, त्याच्या हाताला दुसरं येणार कुठून? चर्चसमोर भाले घेऊन मावळे उभे होते ते वेगळेच. नीता हसली, रुचिर हसला, मलाही राहवलं नाही.

विश्वास हसला नाही. “शत्रूला दार सापडू नये म्हणून केलंय,” तो म्हणाला.

“सापडलंय रे त्याला,” ती म्हणाली.

खालून कोणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता.

“छान केलंस गाव,” नीता म्हणाली. “बघून झालं माझं. आता मला घरी ने, आईकडे.”

विश्वास मटकन खाली बसला. त्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि हमसून हमसून रडायला लागला. नाही नेणार, मला नाही जमणार, असं काहीतरी बरळत होता. मग मान वर करून त्याने विचारलं, “परत मी एकट्यानेच यायचं?”

“यायचंच. रुचिर इथे आहे ना.”

त्याचे हात मातीने बरबटलेले होते. तिला लागू नयेत म्हणून रडतानाही त्याने ते दोन्हीकडे लांब धरले होते. नीताने ते एकेक करून जवळ ओढले आणि आपल्या पांघरुणाला पुसायला घेतले.