शिकवणीच्या गाडीतला टेप

“आई, गाडीतला हा टेप मी काढू? मी स्वतः, माझ्या हाताने?”

मित्रांनो, हा प्रश्न ऐकून मला धडकीच भरली, कारण तो टेप म्हणजे मी. विचारणारी होती घरची मुलगी, मुंगी. वर्षभरापूर्वीपर्यंत वर्गात तिचा आवाज कुणाला ऐकूच यायचा नाही, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव. आज त्याच मैत्रिणी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसल्या होत्या आणि त्यांनीच पैज लावली होती, की मुंगी आईला हे विचारणार नाही म्हणजे नाही. मुंगीने विचारलं.

मी एक जुना टेप आहे. खरं तर कॅसेट माझ्या पोटात कधी गेलीच नाही. मी सीडी आणि रेडिओ वाजवणारा. पण मुंगीच्या आईच्या लेखी गाडीत जे वाजतं तो टेप. गाडी कारखान्यात तयार झाली तेव्हाच मला डॅशबोर्डच्या खाचेत चपखल बसवलं. इतकं चपखल, की गाडी वेगळी आणि मी वेगळा हे मलाही पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं.

आमची गाडी साधीसुधी नाही. मुंगीची आई लोकांना ड्रायव्हिंग शिकवते, म्हणून तिच्या पायाशीही एक ब्रेक आहे. रोज सकाळपासून माझ्यापुढे नवशिके येऊन बसतात. कुणी क्लच असा सोडतं, की गाडी बेडकासारखी उडी मारते. कुणी वळायचा दिवा लावायला जातं आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवतं. सगळ्यांना आईचा पहिला धडा एकच. “गाडी ओरडली की आधी दार बघायचं, मग दिवे बघायचे. दोन्ही ठीक असतील तर माझ्याकडे बघायचं.”

सुरुवातीला माझे काय लाड होते! बाबांचं केस कापायचं दुकान आहे. दुकान बंद करून आले, की ते गाडीत बसून माझ्यावर बातम्या ऐकायचे आणि जेवायला दोनदा हाका मारल्याशिवाय उठायचे नाहीत. मग वय झालं. डावा स्पीकर खरखरायला लागला. आवाज कमी-जास्त करायचं बटण गळून पडलं, तिथे बाबांनी बाटलीचं झाकण चिकटवलं. सीडी आत घेतली, की मी ती परत द्यायचो नाही. “याला खायला घाला, पण परत मागू नका,” असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. लोक हसायचे. मीही मनातल्या मनात हसून घ्यायचो, करतो काय?

त्यात मुंगीच्या मामाने गाडी बदलली आणि जुन्या गाडीतला मोठ्या स्क्रीनचा टेप भाचीला देऊन टाकला. त्यावरून ही पैज.

“काढ,” आई म्हणाली. “पण या गाडीवर माझं पोट आहे, हे लक्षात ठेव. काही बिघडलं, तर स्क्रूड्रायव्हर मला आणून द्यायचा आणि पुन्हा गाडीला हात लावायचा नाही.”

“त्यापेक्षा गॅरेजमध्ये देऊ या ना,” बाबा घरी आल्यावर म्हणाले.

“बाबा, तुम्ही केस कापायला शिकलात तेव्हा पहिलं डोकं कुणाचं होतं?”

“तुझ्या मामाचं.”

“मग?”

“म्हणूनच तर म्हणतोय.”

पण खरं सांगतो, मुंगीने काम नीट केलं. आधी बॅटरीची काळी तार सोडली. प्लास्टिकची पट्टी घालून माझ्याभोवतीची चौकट हलकेच उचलली, कट् कट् करत क्लिपा सुटल्या. स्क्रू तिने एका डब्याच्या झाकणात जमवले, एकही हरवला नाही. माझ्या पाठीतलं सॉकेट नव्याला जुळेना, तेव्हा मध्ये जोडवायर लावली. नवा पहिल्याच किल्लीला झळकला. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मी गेलो बुटांच्या खोक्यात, चपलांच्या कपाटावर.

दुसऱ्या दिवशी आई दुपारीच घरी आली आणि पाणी न पिताच खुर्चीत बसली. तिचं बोलणं मी खोक्यातून ऐकलं. पोस्टातल्या काकू गाडी शिकत होत्या. दार नीट न लावणं ही त्यांची जुनी खोड. चौकात वळताना त्यांच्या बाजूचं दार सताड उघडलं. शेजारून जाणारा स्कूटरवाला कसाबसा वाचला. आईने आपल्या पायाशी असलेला ब्रेक दाबला, काकूंचा पट्टा लावलेला होता, म्हणून निभावलं.

“गाडी ओरडलीच नाही,” आई म्हणाली. “रोज ओरडते. आज गप्प.”

“मी म्हटलं नव्हतं, गॅरेजमध्ये द्या म्हणून?” बाबा म्हणाले.

मुंगीचा चेहरा उतरला. ती खाली गाडीपाशी गेली. एकेक तार ओढून पाहिली, एकही सैल नव्हती, हे मला नंतर कळलं. नवा मजेत गात होता. मग ती तशीच धावत वर आली, मला खोक्यासकट उचललं आणि आईबाबांना म्हणाली, “चला खाली. बदललंय ते एवढंच.”

नव्याला बाहेर काढून तिने मला नुसतंच तारेला जोडलं, मांडीवर घेतलं, किल्ली फिरवली आणि दार उघडलं.

टिंग, टिंग, टिंग. डाव्या स्पीकरातून, खरखरत.

“अगं बाई,” आई म्हणाली. “म्हणजे इतकी वर्षं हा ओरडत होता?”

हो, मित्रांनो, मीच. दार उघडं राहिलं, दिवे चालू राहिले, की गाणी बंद असली तरी मी ओरडायचो आणि नाव गाडीचं व्हायचं. माझी तक्रार नाही. जुनं झालं की काढावंच लागतं. फक्त काढण्याआधी एकदा विचारा, की बाबा रे, तू आणखी काय काय करतोस? आम्ही आपण होऊन सांगत नाही.

कारण कळलं, पण ठरलं ते ठरलं. आईने हात पुढे केला. “दे तो स्क्रूड्रायव्हर.”

गेल्या वर्षीच्या मुंगीने मान खाली घालून तो देऊन टाकला असता. आताच्या मुंगीने मूठ आणखी आवळली.

“नाही देणार,” ती म्हणाली. “हा जुना टेप मी आत्ताच परत बसवणार, म्हणजे उद्या काकूंचा क्लास बुडायला नको. नवा बाबांच्या दुकानात लावून देणार. आणि आई, यापुढे या गाडीत काहीही बिघडलं, तर गॅरेजच्या आधी मी बघणार.”