गुरुजी थान यांचे पाय

भुतांच्या नाटकांवर बंदी आली त्या सकाळपासून गुरुजी थान यांचे पाय जमिनीला टेकेनासे झाले. अंतर बोटभरच होतं. आमच्या ऑपेरा मंडळीत चाळीस वर्षं तेच भुताचं काम करत आले होते. मला नवव्या वर्षापासून गाणं शिकवलं ते त्यांनीच.

पक्षाच्या सांस्कृतिक विभागाचे कॉम्रेड छ्याओ मोजपट्टी घेऊन आले. त्यांनी वाकून अंतर मोजलं.

"आठवड्याभरात खाली या."

"प्रयत्न करतो," गुरुजी म्हणाले.

आम्ही त्यांच्या कोटाच्या अस्तरात नदीतले गोटे शिवले. नव्या नाटकात त्यांना पोलाद कामगाराचं काम मिळालं. हातोडा खरा होता, चांगला जड. पहिल्याच तालमीत ते हातोड्यासकट वीतभर वर गेले.

शनिवारी सकाळी नाट्यगृहाच्या अंगणात सभा भरली. सगळ्यांना दिसावं म्हणून कॉम्रेडनी गुरुजींना भुताचा पांढरा वेष घालायला लावला होता. त्यात गोटे नव्हते. त्यांची पावलं आता माझ्या खांद्याशी आली होती. वारा सुटला होता, म्हणून मी त्या वेषाची लांब, लोंबती बाही घट्ट धरून उभी होते.

कॉम्रेड छ्याओंनी माझ्यापुढे कागद धरला.

"युनलान, तू त्यांची शिष्या. भुतं असतात का?"

"नसतात."

"मग वर कोण आहे?"

मी वर पाहिलं. गुरुजींच्या कपाळावर घाम होता.

"लिही, पोरी," ते म्हणाले. "तुला अजून पुष्कळ गायचंय."

डाव्या हातात बाही धरून मी उजव्या हाताने लिहिलं, 'वर कोणीही नाही.' आणि खाली सही केली.

अंगणातल्या सगळ्यांच्या वर वळलेल्या माना एकदम खाली आल्या. गुरुजींच्या प्रत्येक प्रयोगाला साथ केलेला म्हातारा ढोलवादक लू माझ्याकडे वळला.

"तू हात वर करून का उभी आहेस?" त्याने विचारलं.

मी मूठ आणखी आवळली. बाहीला ओढ लागली होती.

कॉम्रेडनी माझा कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि पहिली टाळी स्वतः वाजवली. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांत आधी थांबायची कुणाची छाती नव्हती. बाही माझ्या मुठीतून वीत वीत सरकत होती. कॉम्रेड छ्याओ टाळ्या वाजवत, रांगेतल्या एकेकाचे हात निरखत माझ्याकडे येत होते.