डावीकडची बत्ती

मी एक जुनी मागची बत्ती आहे. मोटारीची, लाल काचेची, डाव्या अंगाची. मला बघून तुम्ही भंगार म्हणाल. म्हणा. मित्रांनो, माझ्या काचेला चीर गेली आहे, अकलेला नाही.

माझा जन्म साहेबाच्या मुलखातल्या कारखान्यात झाला. तेव्हाची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. नव्या मोटारीला मागे एकच बत्ती मिळायची, उजवीकडे, गाडीच्या किमतीतच. डावीकडे दुसरी पाहिजे असेल तर ती वेगळी मागवायची. ती हौसेची बत्ती म्हणजे मी. उजवीकडची माझी बहीण मला त्यावरून कायम हिणवायची. तुझ्यावाचून गाडीचं काय अडतंय, म्हणायची.

सोनईच्या कानिफनाथ पाटलांनी नगरातून जुनी मोटार आणली, तेव्हा तिला डावी बत्ती नव्हती. त्यांच्या राहीबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "एका डोळ्याची गाडी माझ्या दारात नगं." म्हणून दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलेली मी या घरात आले. बन्सी ड्रायव्हरने मला बसवलं. रोज सकाळी तो आधी मला पुसायचा, मग गाडी. दसऱ्याला माझ्या काचेवरही हळदीकुंकवाचं बोट टेकवायचा.

पाटील गेले आणि गाडी त्यांच्या मुलाच्या, सहादेवच्या हाती आली. त्याने नगरात कुठल्याशा बड्या साहेबाची मोटार पाहिली. तिला पुढे लाल दिवा होता आणि माणसं तो दिसताच उठून उभी राहत होती. घरी आल्याबरोबर तो बन्सीला म्हणाला, "मागची डावी बत्ती काढ. पुढं टपावर बशीव."

"मालक, मागच्या मानसाला गाडी केवढी हाय ते कळाया नगं का?"

"कंपनीनं मागं एकच दिलीया. ही हौसंची हाय. माझी हौस मी कुठंबी लावीन."

"मंग तुमीच लावा. माझ्या हातनं हुनार न्हाई."

"व्हय? मंग उद्यापासनं सायकल मार."

राहीबाई ओट्यावरच बसल्या होत्या. लेकाचा थाट त्यांना गोड वाटला असावा. त्या सुपारी कातरत राहिल्या.

बन्सी सायकलवरून गावोगाव दूध घालू लागला. मला लोहाराने टपावर ठोकलं.

ते दुष्काळाचं साल होतं. सडकेच्या कडेला बायामाणसं खडी फोडत होती. माझा लाल उजेड दिसला की हातोड्या टाकून उठायची. साहेब आला, आता पाण्याचा टँकर मंजूर करणार, असं त्यांना वाटायचं. ती हात जोडायची. सहादेव काच खाली करून मान हलवायचा आणि पुढे निघून जायचा. सुकलेल्या ओठांची ती आशा रोज पाहण्यासाठी मला उंचावर बसवली होती.

एकदा दिवेलागणीला त्याने गाडी सडकेवरच थांबवली. चार जास्त माणसांनी हात जोडावेत म्हणून. धुरळा उडालेला होता. मागून बन्सी दुधाचे कॅन लावून सायकलवर येत होता. त्याला एकच लाल ठिपका दिसला. फटफटी उभी आहे, असं त्याला वाटलं. तो डावीकडून निघायला गेला आणि जिथे मी असायला हवी होते, तिथेच येऊन आदळला.

मी पेटलेली होते, मित्रांनो. पण पुढे तोंड करून.

बन्सीचा पाय गुडघ्यातून गेला. लोकांनी विचारलं तेव्हा सहादेव म्हणाला, "कंपनीची बत्ती पेटल्याली हुती. ज्याला दिसत न्हाई, त्यानं सायकल चालवू न्हाई."

पुढे बन्सी कुबडी घेऊन वाड्याच्या दारात आला. त्याने भरपाई मागितली नाही. एवढंच म्हणाला, "मालक, बत्ती पुन्यांदा मागं लावा. माझ्यामागनं आनखी कुनी यील."

सहादेवने पाना आणला, मला टपावरून काढलं आणि बन्सीच्या पुढ्यात टाकलं. "घे. कुबडीला लाव."

माझी काच तिथेच तडकली. राहीबाईंनी आतून दार लावून घेतलं.

बन्सीने मला उचललं आणि धोतराच्या सोग्याने पुसलं. आता तो एका बैलाच्या छकड्यातून दूध नेतो, आणि मी त्या छकड्याच्या मागे, डावीकडे आहे. मला वीज नाही. दुसऱ्याचा उजेड पडला तरच मी चमकते.

परवा संध्याकाळी मागून तीच मोटार आली. तिच्या उजेडात मी चमकले आणि तिने करकचून ब्रेक मारला. मी नसते तर ती छकड्यावर आली असती. सहादेवने डोकं बाहेर काढलं. "ए लंगड्या, कडंला घे."

बन्सीने बैल कडेला घेतला. मोटार पुढे गेली. मला मागचंच दिसतं, त्यामुळे ती मला दिसली नाही. बन्सीला दिसली. तो बैलाला म्हणाला, "मागं आजूनबी एकच हाय बघ."

मित्रांनो, तुमच्या घरी मोटार असो, फटफटी असो की साधी बैलगाडी, एकदा तिच्या मागे जाऊन उभे राहा. बत्ती पुसा. नसेल तर लावा. ती तुम्हाला कधी दिसणार नाही, तरी लावा. माझी कीव करत इथे मात्र येऊ नका. मी कामावर आहे.