तिऱ्हाईत

प्रमोदिनीने रामरतीची शाल घडी करून मांडीवर ठेवली आणि ती एक्स-रेच्या खोलीच्या दाराकडे बघत बसली. शालीला लागलेला नदीकाठचा चिखल आता वाळायला लागला होता. ती नखाने तो खरवडत होती, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

"मावशी, कुठे आहात तुम्ही?" गुरुग्रामच्या ऑफिसमधून आशय बोलत होता.

"हॉस्पिटलमध्ये. त्या बाईंचं मनगट मोडलंय बहुतेक. तुला मेसेज केला होता मी."

"तो बघूनच फोन केला. तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत ना?"

"काय बोलणार?"

"सॉरी वगैरे. माझी चूक झाली, असं काही."

प्रमोदिनी उठून खिडकीपाशी गेली. "अजून नाही. त्या आत आहेत."

"मग आता बोलूच नका, प्लीज. विम्याच्या पॉलिसीत कंडिशन आहे. कंपनीला न विचारता चूक कबूल केलीत, काही देण्याचं प्रॉमिस केलंत, की कव्हर संपलं. हॉस्पिटलमध्ये नेलंत ते बिल्कुल ठीक. पण त्यापुढे एक शब्द नाही. जे काही बोलायचं ते कंपनी बोलेल."

"अरे, पण माझ्यामुळेच तर—"

"मावशी, हे फोनवरसुद्धा नको."

दार उघडलं. रामरती बाहेर आली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. वयाने ती प्रमोदिनीच्याच आसपासची असावी, पण उन्हाने रापलेली आणि अंगाने काटक. प्रमोदिनीने तिच्या खांद्यांवर शाल पांघरली. दोघी गाडीत बसल्या. फरीदाबादची वस्ती मागे पडेपर्यंत रामरती खिडकीतून बाहेरच बघत होती.

यमुनेच्या बांधाखाली कच्चा रस्ता संपतो तिथे गाडी थांबली. रामरती उतरली, पण लगेच निघाली नाही. डाव्या हाताने दार धरून ती उभी राहिली. काहीतरी व्हायचं राहिलंय, ते झालं की जावं, अशी.

"दवा टाइम से लेना," प्रमोदिनी म्हणाली.

रामरतीने मान हलवली, दार लावलं आणि ती आपल्या काकडीच्या शेताकडे चालू लागली.

प्रमोदिनीची सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या पाण्याच्या खात्यात नकाशे काढण्यात गेली. पात्र कुठे किती खोल, गाळ किती, पूर आला तर पाणी कुठवर चढेल, हे सगळं ती कागदावर रेखायची. देशातल्या कितीतरी नद्या तिच्या हाताखालून गेल्या, पण तिचे पाय काही त्यांतल्या एकीलाही लागले नाहीत. साइटवर इंजिनिअर जायचे. ती ऑफिसातून थेट घरी यायची, कारण घरी आई अंथरुणाला खिळलेली. वडील बदलीवर पुण्याहून दिल्लीत आले होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी फरीदाबादेत हे छोटं घर घेतलं होतं. आधी ते गेले, मग पुष्कळ वर्षांनी आई गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रमोदिनी निवृत्त झाली, आणि सकाळी उठून कोणासाठी काय करायचं, हा प्रश्न तिच्यापुढे रोज येऊन उभा राहू लागला.

हॉवरक्राफ्ट तिने पहिल्यांदा बघितलं ते मोबाइलवर. कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा चिखलावरून, पाण्यावरून, वाळूवरून सारखाच सरकत चालला होता. खाली पंख्याने हवा भरायची आणि त्या हवेवर तरंगायचं. जमिनीला टेकायचंच नाही. तिने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग आराखडे मागवले. नकाशा वाचायला तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यातून तिने फायबरचा सांगाडा करून घेतला, इंजिन आणि पंखा बसवून घेतला. खालचा रबरी कापडाचा घेर मात्र तिने स्वतः शिवला, आईचा परकर शिवावा तसा, अंगणात पसरून. ज्या दिवशी तो घेर फुगला आणि यंत्र तिच्यासकट जमिनीवरून वीतभर उचललं गेलं, त्या दिवशी अंगणातला सगळा पालापाचोळा उडाला आणि शेजारच्यांनी धाडकन खिडकी लावून घेतली. हे सांगावं कोणाला, असा विचार करत ती बराच वेळ तशीच आत बसून राहिली.

तिचा स्वभाव नियमाने चालणाऱ्यातला. नदीवर नेण्याआधी विमा हवा, असं तिने ठरवलं. उद्या कोणाला लागलं तर? पण विमा कोणी देईना. गाड्यांचा विमा उतरवणारे म्हणत, ही गाडी नाही, हिला चाकं कुठे आहेत? नावेचा विमा उतरवणारे म्हणत, ही जमिनीवर चालते, मग नाव कशी? एकाने तर विमानाचं लायसन्स मागितलं. शेवटी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आशयची ओळख झाली. तो विम्याच्याच धंद्यात होता. त्याला त्या यंत्राची गंमत वाटली आणि त्याने एका कंपनीच्या मागे लागून पॉलिसी मिळवून दिली. कंपनीचे प्रश्न तो फोनवर वाचून दाखवायचा.

"चालवणार कोण?"

"मी."

"बरोबर किती माणसं बसणार?"

"कोणी नाही."

"म्हणजे कधीमधी पाहुणे, मैत्रिणी?"

"कोणी नाही रे, लिही."

"मग सोपं आहे. मावशी, ही लायबिलिटी पॉलिसी आहे. फर्स्ट पार्टी तुम्ही, सेकंड पार्टी कंपनी. बाकी सगळं जग थर्ड पार्टी."

"तिऱ्हाईत म्हण की."

"ति... काय?" आशय दिल्लीतच वाढलेला होता. "हा शब्द आमच्या घरात नव्हता, यार."

तेव्हा ती हसली होती.

त्यानंतर हिवाळाभर ती नदीवर जात राहिली. सकाळी कोवळं ऊन पडलं की ट्रॉलीवरून यंत्र बांधाखाली उतरवायचं आणि पात्रात सोडायचं. पाणी काळं, त्यावर साबणासारखा पांढरा फेस. पण घेर त्या फेसावरून सरकायचा आणि पलीकडच्या वाळूवर चढायचा, पाणी कुठे संपलं आणि रेती कुठे सुरू झाली ते कळायचंही नाही. इंजिनच्या आवाजात दुसरं काही ऐकू यायचं नाही. वाळवंटात वेलींच्या ओळी होत्या, थंडीपासून रोपं जपायला लावलेले गवताचे आडोसे होते, आणि त्या ओळींत वाकून काम करणारी एक बाई असायची. यंत्र समोरून गेलं की ती कमरेत सरळ व्हायची आणि हात उंच करून हलवायची. प्रमोदिनीही हात करायची. पुढे पुढे तर घरून निघतानाच तिला त्या हाताची आठवण यायची.

त्या सकाळी तिने वळण जवळून घेतलं. हॉवरक्राफ्टला ब्रेक नसतो. वारा बाजूने आला की ते वाऱ्याचंच होतं. तिला हे पाठ होतं. वारा आहे हे पंख्यापुढच्या झेंडीवर दिसतही होतं. तरी तिने वळण घेतलं. यंत्र तिरकं घसरत काठावर चढलं, झोताने आडोसे उडाले, बाई पळाली आणि सरीत पाय अडकून हातावर पडली.

प्लास्टर घालून आणल्यावर पुढचे काही दिवस प्रमोदिनी घराबाहेर पडली नाही. रोज सकाळी ती तयार व्हायची, गाडीची किल्ली उचलायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. रामरतीने तिचा नंबर घेतला नव्हता. फोन वाजला तर तो आशयचा असायचा, नाहीतर कर्ज हवंय का विचारणारा. एकदा तिने कुकरमध्ये दोघींपुरती खिचडी लावली, शिट्टी झाल्यावर ते तिच्या ध्यानात आलं, आणि तीच खिचडी तिने संध्याकाळीही खाल्ली.

मग कंपनीचा सर्वेअर आला. उतारवयाचा, मृदू बोलणारा माणूस. त्याने अंगणातल्या यंत्राभोवती फेरी मारली, खाली वाकून शिलाई बघितली आणि मनापासून म्हणाला, "कमाल है, मैडम." चहा घेताना त्याने हळूहळू प्रश्न विचारले.

"अचानक हवा का झोंका आया होगा?"

"अचानक नहीं. हवा पहले से थी. मुझे पता था."

त्याने पेन टेबलावर ठेवलं. "आपने उस औरत को देखा नहीं होगा. धूप आँखों में थी?"

"देखा था. उसी को देखकर मोड़ लिया था."

सर्वेअरने कप उचलून चहा संपवला. मग त्याने तिला समजावलं. ती जमीन सरकारी आहे. तिथे शेती करायला परवानगीच नाही. ज्या जागी त्या बाईने असायलाच नको होतं, तिथे तिला लागलं. वाऱ्याबद्दल रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते तो बघेल. "मैंने बाकी कुछ सुना नहीं," तो म्हणाला आणि निघताना तिला वाकून नमस्कार करून गेला.

पुढच्याच आठवड्यात आशयचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"मावशी, जिंकलो आपण! फाइल बंद. तुमच्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही, असं कंपनीनं लेखी दिलंय. आता तुम्हाला कोणी काही विचारू शकत नाही."

"त्यांना कळवलं का?"

"कोणाला?"

"रामरतीबाईंना."

"त्यांना कशाला? त्यांनी कुठे काही मागितलंय? क्लेम वगैरे काही नाहीच. हे सगळं तर तुम्ही कळवलंत म्हणून सुरू झालं. त्या बाईंना तर माहीतही नसेल." तो जरा थांबला. "मावशी, तुम्ही खूश नाही?"

"आहे तर. तू फार धावपळ केलीस."

फोन ठेवून ती अंगणात आली. ताडपत्रीखाली यंत्र पडलं होतं. समोरच्या घरात कोणी दळण टाकत होतं, त्याची घरघर ऐकू येत होती. कोणी काही विचारू शकत नाही. तिने हे वाक्य मनात पुन्हा उच्चारून बघितलं. मग आत जाऊन किल्ली घेतली, आणि या खेपेला ती खुंटीला परत गेली नाही.

वाटेत घेतलेली संत्री तिने मुद्दाम गाडीतच ठेवली. हातात काही असलं की बोलणं त्याच्या मागे लपतं, हे तिला ठाऊक होतं.

रामरती ओळींमध्ये उकिडवी बसून एका हाताने गवताचे आडोसे पुन्हा रोवत होती. तिने वर बघितलं आणि काम चालूच ठेवलं.

"गलती मेरी थी," प्रमोदिनी म्हणाली. "हवा की नहीं, आपकी नहीं. मैं जान-बूझकर पास आई थी. आप रोज हाथ हिलाती थीं, इसलिए."

रामरतीचा हात थांबला. "हाथ? कौन-सा हाथ?"

प्रमोदिनीने आपला हात वर करून हलवून दाखवला.

"अरे, मैं तो चिड़िया उड़ाती थी!" रामरती म्हणाली. "तुम्हारी मशीन से सारे परिंदे उठकर मेरे खेत में आ बैठते थे."

प्रमोदिनीचा हात तसाच वर राहिला होता. तो तिने खाली घेतला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. पलीकडे नदीवर फेसाचे पुंजके संथ वाहत चालले होते.

"मला... मुझे लगा," ती एवढंच म्हणाली.

रामरतीने तिच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आपने इतने दिन मुझसे कुछ कहा क्यों नहीं?" शेवटी प्रमोदिनीने विचारलं.

"कहती कैसे? तुम आई ही नहीं."

आणि मग रामरती बोलायला लागली. आंधळी होतीस का, इथपासून तिने सुरुवात केली. माणसं राबतात तिथे असली यंत्रं कोण आणतं? एक अख्खी ओळ गेली. सून वीटभट्टीवर, मुलगा पानिपतला धाग्याच्या कारखान्यात, आणि डाव्या हाताने पाण्याचा डबा अर्धासुद्धा उचलत नाही. रोपं जळताहेत. पोळी लाटता येत नाही, वेणी घालता येत नाही. आणि गाडीत बसवून नेलंस, गाडीतून आणून सोडलंस, तोंडातून एक शब्द नाही, जसं काही बकरी दवाखान्यात नेली होतीस! रामरतीचा आवाज चढत गेला. दूरच्या शेतातला एक माणूस उभा राहून बघायला लागला. प्रमोदिनी मान खाली घालून ऐकत होती. आई गेल्यापासून तिच्यावर असं कोणी ओरडलं नव्हतं. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. एखादा शब्द निसटला तर तो आपल्या वाट्याचा राहून जाईल, अशा लक्षाने ती ऐकत राहिली.

दम लागला तेव्हा रामरती थांबली. तिने प्लास्टरच्या हाताने पाण्याच्या खड्ड्याकडे दाखवलं.

प्रमोदिनीने चपला काढल्या, साडी खोचली आणि डबे उचलले. वाळू वर उबदार आणि आत गार होती. पहिल्या ओळीला पाणी घालून ती खड्ड्याकडे परत येत होती, तेव्हा कमरेला खोचलेला फोन वाजला.

"मावशी, एक सही राहिली होती—"

"आशय, मी बोलले त्यांच्याशी. माझी चूक होती, असं सांगितलं. हात बरा होईपर्यंत पाणीही मीच घालणार आहे."

"मावशी, हे काय केलंत? कंपनीला कळलं तर ती हात वर करेल. मग त्या बाईंनी उद्या काहीही मागितलं, कितीही मागितलं, तर ते सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर येईल. समजतंय ना तुम्हाला?"

"हो."

"मी येतो संध्याकाळी. आपण बसून बोलू. तोपर्यंत तुम्ही—"

"अरी ओ!" वेलींच्या पलीकडून रामरती ओरडली. "यहाँ कौन डालेगा?"

"आशय, ठेवते मी," प्रमोदिनी म्हणाली. "मला हाक मारतायत."