कांचनच्या पाठीवरची सॅक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. पाठीवर घ्यायची, जाड हिरव्या कापडाची. ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या एका घराच्या गराजमध्ये मी खुंटीला टांगलेली असते. माझ्या एका बाजूला गवत कापायचे यंत्र आहे आणि दुसऱ्या बाजूला उन्हाळ्याची वाट पाहणाऱ्या जँडल्सची, म्हणजे इथल्या रबरी चपलांची, टोपली. समुद्र जवळ असल्यामुळे इथली हवा कायम ओलसर असते. माझ्या तळाला बुरशीचे ठिपके पडले आहेत आणि एका खिशाची चेन गंजून बसली आहे. पण मी नेहमीच अशी नव्हते.

माझा जन्म पुण्याचा. तिथे प्रकाशकाका नावाचे एक कारागीर ट्रेकला जाणाऱ्या मुलामुलींसाठी सॅक शिवत. २००१ साली कांचन नावाची एक ठेंगणी, चष्मा लावणारी इंजिनीअर मुलगी त्यांच्याकडे आली. दुकानातली कुठलीही सॅक घेतली तरी ती तिच्या कमरेखाली लोंबायची. काकांनी टेपने तिची पाठ मोजली आणि त्या मापाने मला बेतले. पट्ट्यांत दुहेरी स्पंज भरला, प्रत्येक शिवणीवर दोनदा टीप मारली. कांचनने मला पाठीवर घेतले, दुकानातच चार पावले चालून पाहिली आणि हसली.

पुढच्या वर्षी ती आपला नवरा विवेक याच्याबरोबर न्यूझीलंडला आली. वेलिंग्टनजवळ पोरिरुआला त्यांनी घर केले. तिला पुलांचे आराखडे काढण्याचे काम मिळाले. तिची कॉलेजातली जिवलग मैत्रीण मृदुला आधीच ऑकलंडला कॉम्प्युटरच्या कामासाठी येऊन राहिली होती. मृदुलाच्या ओळखीने ऋचाही त्यांच्यात आली. ती शिकायला म्हणून आलेली, मग ऑकलंडच्याच बॉटनी डाउन्स भागातल्या एका दुकानात नोकरीला लागलेली, वयाने लहान. लाँग वीकेंड आला की तिघी कुठल्या ना कुठल्या डोंगरात असायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते. एकदा डोंगरावरच्या एका झोपडीत एका उंच गोऱ्या आजोबांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि कुठल्या कंपनीची म्हणून विचारले. कांचनने अभिमानाने सांगितले, "प्रकाशकाकांची." आजोबांनी ते नाव वहीत लिहून घेतले.

तिघींनी दोन वर्षे एक बेत मनात घोळवला होता. युरोपला जायचे, आधी डोंगर आणि मग समुद्रकाठची गावे. २००७च्या सप्टेंबरची तिकिटे काढली. आणि निघायला सहा आठवडे उरले असताना कांचनला जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, ऑपरेशन करावे लागेल. प्रवासाला त्यांनी मनाई केली नाही, पण चढ टाळायला बजावले. त्या दिवशी मी गाडीत मागच्या सीटवर होते. विवेकने, मृदुलाला आजच फोन कर, असे म्हटले. कांचन म्हणाली, "सांगितलं तर ती ट्रिपच रद्द करेल. आल्यावर सांगते." विवेक दोन दिवस वाद घालत राहिला आणि मग गप्प बसला.

स्वित्झर्लंडच्या एका लहानशा गावात आम्ही उतरलो. कांचनच्या गोळ्या माझ्या बाजूच्या खिशात होत्या. ॲसिडिटी आहे असे सांगून ती पाठ फिरवून एक गोळी घ्यायची. चढावर दम लागला की फोटोचे निमित्त करून थांबायची. पहिल्या तीन दिवसांत तिने गाईंचे इतके फोटो काढले की ऋचा तिला चिडवू लागली. तिघी हसत होत्या. मला मात्र हसू येत नव्हते. मी तिच्या पाठीला चिकटलेली होते. बंद दारावर कुणीतरी घाईने थापा माराव्यात तसे तिचे काळीज माझ्यावर आपटत होते. मित्रांनो, हे साऱ्या डोंगरात मला एकटीला ठाऊक होते.

चौथ्या दिवशी तिघी उंचावरचे एक तळे बघायला गेल्या. परतीची शेवटची केबल कार साडेपाचची होती. कांचन मागे पडत गेली. पुढे गेलेल्या दोघी वळणावर तिची वाट पाहत थांबल्या, पुन्हा चालल्या, पुन्हा थांबल्या. स्टेशनवर पोचल्या तेव्हा केबल कार निघून गेली होती. आता अडीच तास पायी उतरायचे होते आणि पाऊस भुरभुरू लागला होता. रिकाम्या फलाटावर मृदुला वळली.

"तुला झेपणार नव्हतं तर तसं सांगायचंस ना, कांचन. आम्ही दोघीच आलो असतो."

ती ओरडली नव्हती. थकलेल्या आवाजात बोलली होती, आणि म्हणूनच ते जास्त लागले. कांचनने श्वास आत घेतला. मला वाटले, आता ही सांगणार. पण तिने माझे पट्टे घट्ट ओढले आणि एवढेच म्हणाली, "चुकलं माझं. चला, अंधाराच्या आत उतरू."

मग आम्ही इटलीला गेलो. तिथे कड्यांना चिकटून रंगीत घरांची गावे समुद्रावर वाकलेली होती. एका गावातून दुसऱ्या गावात जायला कड्यावरून पायवाट होती. मृदुला आणि ऋचा त्या वाटेने चालत गेल्या. कांचन आगगाडीने पुढे जायची आणि बंदराच्या कठड्यावर मला शेजारी ठेवून त्यांची वाट पाहायची. का, ते कुणी विचारले नाही. ती रुसली आहे असेच दोघींनी धरले होते. शेवटच्या दिवशी मृदुला झपझप चालून एकटीच आधी आली. तिच्या हातात लिंबाच्या आइस्क्रीमचे दोन कोन होते. एक कांचनला देऊन ती शेजारी टेकली. बराच वेळ दोघी जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या. मृदुलाने दोनदा घसा खाकरला. मग तिने ऊन छान पडले आहे असे म्हटले, आणि कांचन हो म्हणाली. तेवढ्यात ऋचा येऊन पोचली आणि गाडीची वेळ झाली.

परत आल्यावर कांचन पोरिरुआला गेली आणि मृदुला ऑकलंडला. आधी दर रविवारी होणारे फोन महिन्याने होऊ लागले, मग सणावारी. मृदुलाला आपल्या बोलण्याची लाज वाटत होती, पण विषय काढायचा कसा हे तिला सुचत नव्हते. कांचननेही आजाराचे सांगितले नाही. एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरले. आदल्या दिवशी दुपारी तिने मृदुलाला फोन केला. मृदुला मीटिंगमध्ये होती. तिने नाव पाहिले आणि ठरवले की संध्याकाळी निवांत बोलू. संध्याकाळी तिच्या मुलीला, श्रियाला, ताप भरला आणि फोन राहून गेला. चार दिवसांनी विवेकचा फोन आला. ऑपरेशननंतर कांचन शुद्धीवर न येताच गेली होती.

मृदुला आली तेव्हा मी पोरिरुआच्या घरी कपाटावर होते. सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले, "त्या चढामुळे झालं का रे?" डॉक्टर नाही म्हणाल्याचे विवेकने सांगितले. तिला ते पटलेले दिसले नाही. मग तिने मान वर न करता विचारले, "मी तिला तिथे काय बोलले, ते तिनं तुला सांगितलं?"

"नाही," विवेक म्हणाला. "ती म्हणाली, ट्रिप फार छान झाली. तू आइस्क्रीम आणलंस म्हणाली."

तेव्हा मृदुला रडली. निघताना विवेकने मला कपाटावरून काढून तिच्या हातात दिले.

तेव्हापासून मी इथे आहे. पहिल्या वर्षी मृदुला कधीकधी गराजच्या पायरीवर येऊन बसायची आणि न घेतलेल्या फोनबद्दल माझ्याशी बोलायची. ते सारे मला तिच्याच तोंडून कळले. मागच्या महिन्यात श्रियाने मला पाहिले आणि शाळेच्या कॅम्पसाठी मागितले. "आई, कॅन आय टेक द ग्रीन वन?" मृदुला पटकन नको म्हणाली. मग तिने मला खाली काढले, फडक्याने पुसले आणि पुन्हा टांगले.

परवा श्रिया गराजमध्ये फोनवर कुणाला तरी सांगत होती की आई आता फिरायला गेली की नेहमी सगळ्यांच्या मागे चालते. तिला त्याचे नवल वाटते.

मित्रांनो, माझ्या बुरशीची चिंता करू नका, ती दोन उन्हांत जाईल. मात्र चालताना कुणी मागे पडले तर तुम्ही थांबा. नुसते थांबू नका, चार पावले माघारी जा आणि काय होतंय म्हणून विचारा. ती "काही नाही" म्हणेल. तेव्हा तिच्याजवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.