रश्श्यासोबतची भाकरही मोजली

मित्रांनो, मी अमरावतीच्या एका महाविद्यालयातला वजनकाटा. हिरव्या रंगाचा, गोल तबकडीचा, अन्नपदार्थ मोजायचा. आहारशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी पंचवीस वर्षं गेली. आता माझा रंग उडाला आहे आणि टिचकी मारल्याशिवाय काटा जागचा हलत नाही. नवे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी विभागप्रमुख सुभद्रा मॅडमनी मला भंगारात जाऊ दिलं नाही.

मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करणारी रागिणी माझी फार लाडकी. चिकन खाल्ल्यानं वाढत्या वयाच्या मुलींचं वजन किती सुधारतं, हा तिचा विषय. अभ्यासाचा खर्च आणि चिकन अकोल्याची एक कोंबडीपालन कंपनी देत होती. मला टॉवेलात गुंडाळून रागिणी एसटीनं अंजनगाव सुर्जीजवळच्या एका वसतिगृहात न्यायची. शेजारची सीट रिकामी असली तरी मला मांडीवरच ठेवायची.

वसतिगृहात चाळीस मुली होत्या, सगळ्या मांसाहारी घरांतल्या. आईवडिलांना विचारून वीस जणींना चिकनचा रस्सा आणि वीस जणींना नेहमीचं वरण द्यायचं ठरलं. स्वयंपाकीण सुंदराबाईंना हे मुळीच पटलं नाही.

"एका छपराखालच्या लेकराईले दोन परकारचं कसं वाढू वो बाई?"

"सहाच महिने, मावशी. मग सगळ्याईलेच भेटीन," रागिणी म्हणाली.

रोज प्रत्येक ताट जेवणाआधी माझ्यावर यायचं आणि उष्टं उरलेलं पुन्हा यायचं. मुली वाकून माझा काटा बघायच्या, हसायच्या. सहा महिन्यांनी चिकनवाल्या मुलींचं वजन चांगलंच वाढलेलं निघालं. रागिणी खूश झाली. पण ताटांच्या नोंदी जुळवताना ती थबकली. रस्सा झणझणीत, त्यामुळे त्या मुली रोज एखादी भाकर जास्त खात होत्या. वरण पाण्यासारखं, त्यामुळे दुसऱ्या पंगतीतल्या मुली अर्धी भाकर टाकून उठत होत्या. मग वजन वाढलं ते चिकननं, की पोटभर जेवल्यानं? रागिणीनं यावर प्रबंधात एक अख्खं पान लिहिलं.

कंपनीचे ओमप्रकाशजी प्रयोगशाळेत आले. माणूस गोड बोलणारा. येताना वरूडची संत्री घेऊन आला होता.

"खोटं लिहा असं मी नाई म्हणून राहिलो, रागिणी मॅडम. चिकनवाल्या पोरीईचं वजन वाढलं, हे तं खरंच हाये ना? मंग भाकरीचं पान कावून पाह्यजे? तेवढं काढा. पुढच्या साली चाळीसही पोरीईले चिकन देतो."

ते गेल्यावर रागिणी माझ्यासमोर डोकं धरून बसली. एक पान काढलं की चाळीस मुलींना चिकन. मला तिची फार दया आली.

हे सगळं ऐकलेल्या सुभद्रा मॅडम खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "रागिणी, मी एकदा असंच केलं आहे. वीस वर्षं झाली. मांसाहाराच्या विरोधातली एक संस्था पैसे देत होती. मटण खाणाऱ्यांचा रक्तदाब जास्त निघाला. पण त्यांच्यात तंबाखू खाणारेही जास्त होते. तो तंबाखूचा रकाना मी छापलाच नाही. मला नोकरीत कायम व्हायचं होतं."

मित्रांनो, ते मटण मीच मोजलं होतं. माझे आकडे बरोबर होते. तरी त्यांच्यातून अर्धंच खरं बाहेर पडलं, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग आता मी काय करू, मॅडम?"

"ते तू ठरव. मी माझं पत्र आज लिहिणार आहे."

मॅडमनी खरंच तो जुना अभ्यास छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहून रकाना गाळल्याचं कबूल केलं. रागिणीनं पान ठेवलं. शिवाय खर्च कुणी दिला, हे पहिल्याच पानावर लिहिलं. कंपनीनं हात काढून घेतला.

वसतिगृहातलं चिकन बंद झालं. सुंदराबाई भडकल्या. "तुह्या कागदापायी लेकराईच्या तोंडचा घास गेला!"

रागिणीचे डोळे भरले. पण ती चुलीजवळ बसली आणि ते पान तिनं त्यांना सोप्या शब्दांत वाचून दाखवलं. सुंदराबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "म्हंजे दुसऱ्या पंगतीतल्या माह्या पोरी अर्धपोटी उठून राहिल्या होत्या?"

दुसऱ्या दिवशी तेच पान घेऊन त्या वसतिगृहाच्या समितीपुढे उभ्या राहिल्या. महिनाभर भांडल्या. तेव्हा कुठे वरणातली तूरडाळ दुप्पट झाली आणि आठवड्याला दोन अंडी सुरू झाली.

मित्रांनो, मांस चांगलं की वाईट, हे मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण कुणी तसं छातीठोकपणे सांगितलं, तर प्रेमानं दोन प्रश्न जरूर विचारा. हा अभ्यास कुणाच्या पैशानं झाला? आणि ताटात आणखी काय होतं?

परवा रागिणी मला घेऊन पुन्हा वसतिगृहात गेली होती. मुली अंगानं भरल्यासारख्या दिसत होत्या. सुंदराबाईंनी मोठ्या अभिमानानं विचारलं, "पाह्य, माह्या वरणानं कशा गुटगुटीत झाल्या! लिह्यशीन ना कागदात?"

रागिणी त्यांचा हात हातात घेऊन हसली.

"वरणानंच झाल्या का, ते अजून मोजलं नाही, मावशी. आधी मोजू, मग लिहू."